आवाज न वाढवता

६ जानेवारी

सलमानचा फोन आला. रोह्यात त्याची कपाटाएवढी रेकॉर्डिंगची खोली आहे, पण बोलणं असं की मुंबईच्या सगळ्या स्टुडिओंना हाच वीज पुरवतो. "हरेशभाय, इंदुबाईचे धवले पुरे झाले. मास्टर तुमच्याच हातचा पायजे."

पाहिजेच. ह्या पोराला ध्वनीतलं अ-आ-इ-ई मी शिकवलं.

इंदुबाई म्हणजे खाडीकाठची धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासूनचे विधी हिच्या गाण्यावर चालतात, भटजींचा नंबर नंतर. माझ्या आणि नमिताच्या लग्नातही हीच होती, आणि मी मुंडावळ्या उलट्या बांधल्या म्हणून भर मांडवात हिने माझ्या डोक्यात टपली मारली होती. पुढच्या महिन्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहील की जाईल, डॉक्टर सांगत नाही. म्हणजे जे रेकॉर्ड झालंय तेवढंच उरणार.

जीव ओतून करणार. रोजचं इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी नावं ठेवली तर तोंडावर मारता येईल.

९ जानेवारी

मास्टरिंग म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासऱ्यांना लग्नाला एवढी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. नमिता जोह्याच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. ती तिथल्या बायकांना सांगते, "मूर्ती झाल्यावर मी शेवटी डोळे काढते ना, तसं गाणं झाल्यावर आमचे हे काढतात." ह्याहून बरं मलाही सांगता येणार नाही.

ह्या धंद्यात एकच शत्रू, स्वतःचा कान. कान महाहरामी. तेच गाणं दोनदा वाजव, दुसऱ्यांदा बटण केसभर वाढव, ऐकणारा लगेच, "वा, हे किती भरलेलं, किती मोकळं!" अरे भरलेलं नाही रे बाबा, फक्त मोठं आहे. निम्मे मास्टरिंगवाले ह्याच थापेवर पोट भरतात. मी नाही. मूळ गाणं आणि माझं मास्टर मी एका आवाजाला आणूनच ऐकतो, मग ठरवतो सुधारलं की बिघडलं. ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणाशेजारी लाल ठिपका आहे. ऐकायचं ते ठिपक्यावर. देव आला तरी बटण हलणार नाही.

ठिपका नमिताच्या ब्रशचा, गणपतीच्या रंगाचा. खरं तर आता तीन ठिपके आहेत. ॲम्प म्हातारा झाला, दम राहिला नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी थोडा पुढे दुसरा काढावा लागला, आणि ह्या दिवाळीत तिसरा. तिसरा काढताना नमिता ब्रश तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"ॲम्पच म्हातारा झाला ना?"

"मग काय मी?"

"नाय, इचारलं," म्हणाली.

१२ जानेवारी

दाराची बेल परत गेली. ही तिसरी. हल्ली कंपन्या काय माल काढतात! गॅसवाला दार बडवून बडवून गेला आणि वर मलाच शिव्या. दोन जुन्या बेला ड्रॉवरमध्ये पडून आहेत, इलेक्ट्रिशियन म्हणतो चांगल्या आहेत. त्याचं डोकं तपासायला हवं.

दुसरं एक नवल. पेणचे डास मुके झालेत. चावतात, पण गात नाहीत. खाडीत काहीतरी सोडत असणार.

आणि नमिताला जपाचं वेड लागलंय. दुपारी माळ्यावर, माझ्या कामाच्या खोलीत चहा घेऊन येते, जिन्याच्या तोंडाशी उंबऱ्यावर उभी राहते. मी पाठमोरा असतो, पण कॉम्प्युटरच्या बंद पडद्याच्या काचेत ती दिसते. ओठ हलत असतात. मग जरा थांबते, मग येऊन कप ठेवते. एकदा विचारलं, "काय जप चाललाय?" तर म्हणाली, "तुमच्याच नावाचा." बरं वाटलं. माझ्या आईने बापासाठी कधी नारळ फोडला नाही.

१६ जानेवारी

बारापैकी पहिली तीन गाणी सलमानला पाठवली. मूळ रेकॉर्डिंग इतकं दबलेलं होतं, जणू इंदुबाई गोधडीच्या आतून गातेय. मी वरची पट्टी, म्हणजे बारीक आवाजांची, मोकळी केली, चांगली सणसणीत. आता शब्द न् शब्द कळतो.

संध्याकाळी गाढवाचा फोन. "हरेशभाय, राग नका मानू. टोचतंय."

"काय टोचतंय?"

"कानाला. स आला का सुई गेल्यासारखं होतं. आन तुमचं मास्टर मोठंबी वाजतं."

"मी एका आवाजाला आणून ऐकलंय."

"मीटरवर बघितलं?"

डोकं फिरलं. मीटर बघून आवाज जुळवणारा माणूस म्हणजे पंचांग बघून ढेकर देणारा. मी कानाने जुळवतो. ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, दहीहंडी, हळदी, सगळीकडे साउंडवर होतो मी. ह्याची मुंज नव्हती तेव्हापासून… म्हणजे त्याच्यात मुंज नसते, पण मुद्दा तोच. स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून झोपलेला माणूस आहे मी. त्याने मला ऐकायला शिकवावं?

"तुझ्या खोलीला गाद्या लाव," म्हणालो आणि फोन ठेवला.

२१ जानेवारी

कुकर जळाला. डाळ, कुकर, ओट्याची फरशी, सगळं. नमिताने जाताना सांगितलं होतं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलो होतो. शपथेवर सांगतो, एकही शिट्टी झाली नाही. शिट्टी बिघडली, त्याला मी काय करू?

मी बराच बोललो. मी बोलायला लागलो की शेजारचे टीव्ही बंद करतात. नमिता काळी डाळ खरवडत राहिली. तिची बाजूच नव्हती, नाहीतर ओरडली असती.

२८ जानेवारी

रोहा.

हे लिहू नये असं वाटतंय. पण खरं लिहायचं ठरवलंय.

सलमानने निरोप पाठवला, इंदुबाईच येतेय, तिलाच विचारू. मी म्हणालो, चालेल. मीटरने जुळव, सोनं कुठल्याही तराजूत सोनंच. त्याने मूळ गाणं आणि माझं मास्टर मीटरवर अगदी बरोबर एका आवाजाला आणलं. कुठलं आधी लावणार ते कोणाला सांगायचं नाही. इंदुबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, पडद्याकडे पाठ करून, तोंडात पान.

पहिलं गाणं दोन्ही तऱ्हांनी ऐकून म्हणाली, "दुसरा. त्याच्यात मी हाय. पयल्यात माझी कोण भैन हाय, रागावलेली."

दुसरं मूळ गाणं होतं.

पुढच्या गाण्याला सलमानने क्रम उलटा केला. बाईने मूळच उचललं. तिसऱ्यालाही. तीनपैकी तीन. च्यायला, मतदानात कोणाचं डिपॉझिट इतकं पटकन जात नाही.

तरीही मी हसून घेतलं असतं. पण पुढे ती म्हणाली, "आन बांगड्या कशाला रं एवढ्या मोठ्या केल्यास? ताटं घासल्यागत वाजतात."

"कुठल्या बांगड्या?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"ती हातानं ताल धरते ना," सलमान म्हणाला. "वळीच्या शेवटी बांगड्या वाजतात. मूळ गाण्यात हलक्या हायत. ऐका." त्याने मूळ गाणं लावलं. इंदुबाई गात होती. ओळ संपली. सलमानने बोट वर केलं, "ही बघा." पुढची ओळ संपली. परत बोट. मला बोट दिसलं. बांगडी नाही.

हे गाणं मी किती वेळा ऐकलंय ह्याची गणती नाही. झोपेत म्हणून दाखवीन.

सलमानचा हात हळूच बटणाकडे गेला. मी ओरडलो, "आवाज वाढवू नकोस!"

त्याने हात मागे घेतला. इंदुबाईने पान चघळायचं थांबवलं. "मस्करी चाललीय माझी," असं काहीतरी म्हणून मी उठलो. चप्पल उलटी घातली गेली, तशीच घालून बाईकवर बसलो.

२८ जानेवारी, नंतर

राहिलेलं लिहितो.

परत येताना नागोठण्याच्या बाजारात थांबलो. बांगड्यांच्या दुकानात गेलो. बाई म्हणाली, "कुठल्या मापाच्या देऊ?"

"वाजणाऱ्या," मी म्हणालो.

एक डझन काचेच्या, हिरव्या. तिथंच उभं राहून उजव्या कानाशी हलवल्या. मग डाव्या. वाळक्या काटक्या मोडल्यासारखं टक् टक्. तो किणकिणाट म्हणतात तो नाहीच. मी तिला सांगितलं, तुमच्या बांगड्या मुक्या आहेत. ती म्हणाली, "भाऊ, घ्यायच्या तर घ्या, मानसा बघताहेत." खरंच बघत होती. काखेत हेल्मेट धरलेला, मिशीवाला बाप्या भर बाजारात कानाशी बांगड्या हलवतोय म्हटल्यावर मीही बघितलं असतं.

घेतल्या. नमिताला दिल्या तर ती घाबरली. "काय केलंत तुम्ही? कोन बाई हाय?" लग्नानंतर मी स्वतःहून आणलेली ही पहिलीच वस्तू, कुकरची शिट्टी सोडून. कोणी नाही म्हणून देवाची शपथ घेतली तेव्हा हातात भरल्या.

जेवताना ती माझ्या मागून वाढायला आली. समोर स्टीलचा तांब्या होता, लख्ख घासलेला. त्यात मला दिसलं, तिने हात माझ्या कानाशी आणला आणि हलवला. एकदा. परत एकदा.

मी भात कालवत राहिलो. ती येऊन समोर बसली. तिने स्वतःला वाढून घेतलं नाही.

"आपून कानाच्या डॉक्टरकडं जायाचा," म्हणाली.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही, वहीत उतरवण्यासारखं नव्हतं. माझा कान हे माझं घर आहे, माझा धंदा आहे, ह्याच कानाच्या जोरावर हिला मागणी घातली. ती ओरडली नाही. फक्त बांगड्यांचा हात पदराखाली घेतला.

३० जानेवारी

मला भीती वाटतेय. बस, एवढंच.

४ फेब्रुवारी

गेलो. डॉक्टर पोरसवदा, गळ्यात ओळखपत्र. मला काचेच्या खोक्यात बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. आधी जाडे आवाज आले, मी टपाटपा दाबले. म्हटलं, बघ लेका, कोणाशी गाठ आहे. मग बराच वेळ काहीच नाही. मी काचेतून खूण केली, तुमचं मशीन बंद पडलंय. त्याने मान हलवली. नमिता त्याच्या मागे उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता.

मशीन चालू होतं.

बाहेर आल्यावर पडद्यावर रेघ दाखवली. डावीकडे सपाट रस्ता, मग मध्यावर कड्यावरून उडी. "चार हजारच्या वर, म्हणजे बारीक आवाजांचं, बरंच गेलंय. खूप वर्षं मोठ्या आवाजात काम केलंत का?" आता ह्याला काय सांगू? हळदीच्या स्पीकरला टेकून झोपायचो म्हणून सांगू?

"परत येईल?"

"नाही. मशीन लावता येईल. दोन्ही कानांना."

घरी येऊन मी माळ्यावर गेलो. इंदुबाईच्या गाण्यात मी कुठले आवाज किती वाढवले होते त्याची रेघ उघडली. डावीकडे सपाट, मध्यावरून वर चढत गेलेली. डॉक्टरच्या रेघेचा फोटो शेजारी धरला. तिथं जेवढी दरी, इथं तेवढाच डोंगर. एकावर एक ठेवले तर सपाट मैदान होईल, क्रिकेट खेळा.

मी तिचं गाणं सुधारत नव्हतो. माझे कान भरून काढत होतो, आणि बिल तिच्या नावावर फाडत होतो. आणि बरोबरीच्या आवाजाचं सोवळं पाळणारा मी, कानाने जुळवायचो. जे मला ऐकूच येत नाही ते मी कमी धरायचो आणि वाढवून बसायचो. तीन ठिपके. ॲम्पला काही झालेलं नाही. तो बिचारा तरुण आहे.

खूप रडलो. मोठ्याने रडलो असणार, कारण शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला.

१० फेब्रुवारी

सलमानला फोन केला. माफी मागायची माझी रीत नाही, म्हणून म्हणालो, "तुझी खोली बरी आहे. गाद्या नको लावू." पुढे सगळं सांगितलं. त्याने डॉक्टरच्या रेघेचा फोटो मागवून बघितला. मग म्हणाला, "मी येतो पेणला. तुमच्या खुर्चीवर बसू द्याल?"

ह्या खुर्चीवर मी नमिताच्या भावालाही कधी बसू दिलं नाही. ये म्हणालो.

१३ फेब्रुवारी

मशीन बसली. दोन्ही कानांमागे एकेक झुरळ. डॉक्टर म्हणाला, सवय व्हायला वेळ लागेल. दवाखान्याच्या बाहेर पडलो तर पेणमध्ये एवढा आवाज आहे हे कोणी सांगितलं नव्हतं! पिशवी चुरचुरते, रिक्षा कण्हतात, माझी स्वतःची पँट चालताना बोलते. घरी बेल दाबून बघितली. किंचाळली. ड्रॉवरमधल्या दोन्ही तपासल्या, त्याही ठणठणीत. इलेक्ट्रिशियनचं डोकं ठीक आहे.

दुपारी सलमान आला. मशीन लावून मास्टरिंग करणं म्हणजे हातमोजे घालून डोळे आखणं, ते जमणार नाही. मी मशीन काढून ठेवली, तो माझ्या खुर्चीवर, मी मागे स्टुलावर. बटण त्याने पहिल्या ठिपक्यावर आणलं. मीटरवर जुळवलं. मला निम्मं ऐकू येत होतं, त्याला सगळं.

त्याला काही करावंसं वाटलं की मी म्हणायचो, "आधी बरोबरीला आणून ऐक. सुधारलं?" तो ऐकायचा आणि म्हणायचा, "नाय, नुसतं मोठं झालं." मग ते काढून टाकायचं. असं करत करत शेवटी राहिलं ते इतकं कमी की मला हसू आलं. बाराही गाण्यांना मिळून नखाएवढा हात. पण तो हात कुठं लावायचा नाही हे मी सांगितलं, आणि ते सांगायला अजून मला येतं. हे लिहिताना बरं वाटतंय.

१७ फेब्रुवारी

इंदुबाई पेणला आली, उद्या दवाखान्यात भरती. मशीन लावून मीही बसलो. पहिली ओळ संपली आणि छन्न् झालं. हलकंच, कोणीतरी शेजारच्या खोलीत हात धुवावा तसं. मी सलमानकडे बोट केलं, "ही?" तो म्हणाला, "हीच."

बाई शेवटपर्यंत डोळे मिटून होती. मग उठली आणि माझ्या डोक्यात टपली मारली, मशीन जवळजवळ पडलंच. "आता मी हाय," म्हणाली. "आवाज गेला तरी चालंल. ह्यो हाय."

२० फेब्रुवारी

इंदुबाईचं ऑपरेशन झालं म्हणून तिच्या भाच्याचा फोन. बोलायला अजून मनाई आहे, खुणेने पान मागितलं म्हणे.

आता दुपारचं.

मी माळ्यावर पाठमोरा बसलो होतो, मशीन कानात. केसांखाली झाकली जाते, नमिताला वाटलं असणार मी काढून ठेवलीय. जिन्यावर बांगड्या वाजल्या. नागोठण्याच्या. मुक्या म्हणालो होतो मी त्यांना, देवा. उंबऱ्याशी थांबल्या. काचेत ती दिसत होती. ओठ हलले.

"बहिऱ्या गाढवा, चा निवला."

तोंडावर अहो-जाहो करणारी माझी बायको. अगदी शांत, साधा आवाज, ओट्याजवळ बोलते तसा. हाच तो जप. इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्या आयुष्यासाठी काहीतरी चाललंय.

ती थांबली, नेहमी थांबते तशी. मी न वळता म्हणालो, "मग आण की इकडं."

बशीत कप खुळखुळायला लागला. वळून बघितलं तर चहा सांडत होता, आणि ती हसत होती की रडत होती ते मशीनलाही कळलं नसतं. तिच्या हातातून कप घेतला. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"रोज हेच म्हणायचीस?"

"रोज. ह्याच उंबऱ्यावरनं, ह्याच आवाजात. पयले तुम्ही चिडून वळायचात. मग कधी वळायचात, कधी नाय. मग वळायचेच बंद झालात."

"ओरडून सांगायचं नाही का मला?"

"तुम्हीच सांगता ना, आवाज वाढवला का कोनाचापन खरा वाटतो. मोजायचा तर बटान हलवायचा नाय." तिने पदराने डोळे पुसले. "आन तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडणार कशी मी?"

थंड चहा पिऊन टाकला. तो पितानाही आवाज होतो हे आजच कळलं, घाणेरडा होतो.

"आता उद्यापासून काय म्हणशील?" मी विचारलं.

"हेच. फक्त बहिऱ्या काढीन."

"गाढव ठेवणार?"

"ठेवणार," नमिता म्हणाली. "तो कुठं कानाचा दोष हाय?"